राजदूतचा कार्बोरेटर अन् उसाचं पेट्रोल

कापूस-सोयाबीनच्या नोंदी नेहमीच्याच, आज जरा लोखंडाची नोंद. परभणी जिल्ह्यात अजूनही एखाद्या आखाड्यावर, गोठ्याच्या कडेला जुनी राजदूत उभी दिसते. कुणी हौस म्हणून ठेवलीय, कुणी आजोबांची आठवण म्हणून. अलीकडं एकच तक्रार ऐकू येते: "गाडी गरम होते, मिसिंग मारते, शेवटी पिस्टन धरतो." दोष गाडीच्या वयाला दिला जातो. माझं म्हणणं वेगळं आहे, त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागंल.

राजदूत 175 ही मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-11 या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं 1962 च्या सुमारास ती भारतात बनवायला घेतली. त्याच कंपनीनं त्याच दशकात ट्रॅक्टर बनवले, तेही पोलंडच्याच उर्सुसच्या मदतीनं. म्हणजे आपल्या रानातला ट्रॅक्टर अन् दुधाच्या कॅनची गाडी, दोघांचं आजोळ एकच! जावा 1961 पासून म्हैसूरला बनू लागली, ती चेकोस्लोव्हाकियाची. 1972 ला, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या अन् आपलं कृषी विद्यापीठ परभणीत सुरू झालं त्याच वर्षी, फिरोदियांची लूना आली. पुढं बजाजची एम-80 आली अन् 1985 ला यामाहा आरएक्स 100. सगळ्या टू-स्ट्रोक. खेड्यात या गाड्या टिकल्या त्याचं कारण साधं: इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, सुटे भाग कमी, पाना-पक्कड असली की झाडाखाली इंजिन खोलता येतं.

पण टू-स्ट्रोकची एक गोष्ट नीट समजून घ्या. फोर-स्ट्रोकमध्ये तळाला ऑइल भरलेलं असतं, राजदूतच्या इंजिनात तसं नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टन, रिंग अन् बेअरिंगला वंगण देतं. एका लिटरला 40 ते 50 मिली हे जुनं माप. म्हणून कार्बोरेटर पेट्रोल कमी सोडू लागला की वंगणही कमी होतं. वरून हवा जास्त असल्यानं इंजिन तापतं ते वेगळंच. दोन्ही मार एकाच वेळी बसतात. "अॅव्हरेज वाढवून देतो" म्हणत मिस्त्रीनं पेट्रोल कमी केलं की दोन लिटर वाचतात अन् बोअर-पिस्टनचा खर्च मागं लागतो. काही जण भीतीपोटी ऑइल दुप्पट घालतात. तेही चुकतंच. जेटमधून जाणाऱ्या धारेत ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं.

आता पेट्रोलकडं येऊ. 2003 ला आपल्यासह काही राज्यांत 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. 2022 ला देशात 10 टक्के झालं. 20 टक्क्यांचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते अलीकडं ओढलं अन् आता पंपावर तेच मिळतं. यात आपल्या उसाचा, मक्याचा वाटा आहे, त्याला विरोध नाही. पण हिशोब बघा. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. 20 टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन पाहिजे. नवीन इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवर हे जुळवून घेतात. 1970 चा पितळी जेट मात्र त्याच भोकातून तेवढंच इंधन सोडतो. गाडी म्हातारी झाली असंलही, पण तिचं खाणं बदललं अन् वाटी तीच राहिली, हेही खरं.

मी सेटिंग करताना हा क्रम धरतो:

1. आधी एअर फिल्टर धुवायचा. सोयाबीनच्या मळणीत भुसा बसला की हवा अडते, प्लग काळा पडतो. तेव्हा पेट्रोल कमी केलं अन् नंतर कुणी फिल्टर साफ केला, की गाडी उपाशी.
2. क्रँकचे सील अन् मॅनिफोल्डचं पॅकिंग बघायचं. गाडी आपोआप रेस घेत असंल तर बाहेरची हवा शिरतेय. स्क्रूनं ते सुधारत नाही.
3. इंजिन गरम करून एअर स्क्रू हळू फिरवायचा. रेस सगळ्यात चढती लागते तिथून पाव आटा आत, म्हणजे पेट्रोलच्या बाजूला.
4. मधल्या रेसला गाडी अडखळत असंल तर सुईची क्लिप एक खाच खाली. सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं.
5. पूर्ण रेसला मेन जेट. चढावर गाडी जोरात नेऊन तिथंच बंद करायची अन् प्लग काढायचा. चहाच्या रंगाचा असला तर ठीक. पांढरा फटक असला तर जेट एक नंबर मोठा.

हे काम हिवाळ्यात करावं. थंड हवा दाट असते, त्यात प्राणवायू जास्त. मे महिन्यात बेताचं बसवलेलं सेटिंग डिसेंबरच्या पहाटे कमी पडतं.

इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर टाकीत राहिलं तर पाणी तळाला बसतं अन् कार्बोरेटर आतून पांढरा पडतो. म्हणून गाडी उभी करताना कॉक बंद करून वाटी रिकामी करा. जुनी रबरी नळी फुगली असंल तर बदला.

अन् ज्यांच्याकडं राजदूत नाही त्यांनीही हे वाचून सोडू नका. तुमचा पेट्रोलवरचा फवारणी पंप अन् ग्रास कटर बहुतेक टू-स्ट्रोकच आहे. ऐन बोंडअळीच्या फवारणीत तो धरतो तेव्हा गेल्या हंगामाचं शिळं पेट्रोल अन् कमी सोडलेला जेट हीच कारणं आधी तपासा. माप कंपनीच्या पुस्तिकेतलं घ्या, मिश्रण लागंल तेवढंच करा, हंगाम संपला की टाकी कोरडी करून ठेवा.