दुष्काळात आधी कोण दगावते?

वैनगंगेकाठचे पवनी हे विणकरांचे गाव. पोटालाच नसले तर लुगडे कोण घेणार? म्हणून दुष्काळात शेताबरोबर कोष्ट्यांचे मागही थांबत. भंडारा जिल्ह्याने 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ लागोपाठ सोसले. 1891 साली सुमारे 7 लाख 43 हजार असलेली लोकसंख्या 1901 मध्ये 6 लाख 63 हजारांवर आली.

घरात बाई शेवटी जेवते. दुष्काळी कामावरही खोदणाऱ्याला जास्त आणि पाटी वाहणारीला कमी मजुरी. तेव्हा बायकाच जास्त दगावल्या असतील, असे आपण धरून चालतो. आम्हीही चाललो होतो. पण 1901 च्या शिरगणतीत मध्य प्रांतात पुरुषांपेक्षा बायका जास्त भरल्या!

अर्थात पोटासाठी परमुलखात गेलेले पुरुषही यात आहेत. अमेरिकेत 1846-47 च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या डोनर काफिल्याचा हिशेब अधिक स्पष्ट आहे. लहानमोठे धरून 53 पुरुषांपैकी 30 मेले, 34 स्त्रियांपैकी 10. स्त्रीच्या शरीरात चरबीचा साठा जास्त आणि तिची ऊर्जेची गरज कमी. शिवाय तिथे कष्टाची कामे पुरुषांवर पडली होती. एकट्या तरुणांपेक्षा कुटुंबात असलेले अधिक तगले, हेही विसरू नये.

वर्गात शिरगणतीचे तक्ते घेतलेच, तर वयोगटाचा रकाना आधी पाहावा. गाव सोडतात ते बहुधा कामाच्या वयाचे पुरुष. म्हाताऱ्यांतही तोच फरक दिसला, तर तो स्थलांतराचा म्हणणे कठीण.