हाइनच्या बाटलीतलं सँडविच

भंडारा जिल्ह्याचं खनिज म्हटलं की तुमसरकडचं मँगनीज आठवतं. चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. याच जिल्ह्यात क्रोमाइटचेही साठे आहेत, ते मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत. क्रोमाइटमधलं क्रोमियम ऑक्सिजनला बांधलेलं असतं. ते सोडवायचं तर त्याला इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. यालाच क्षपण म्हणतात. भट्टीत हे काम कोळसा करतो आणि हाती धातू येतो. पण क्रोमियमचं क्षपण काचेच्या भांड्यात, बेंझीनच्या सोबतीनं केलं तर? याचं उत्तर एका माणसाच्या बाटल्यांमध्ये १९१९ पासून पडून होतं. ते त्याला दिसलं नाही.

हा माणूस म्हणजे लाइपझिगचा फ्रान्झ हाइन. तेव्हा त्यानं तिशीही गाठलेली नव्हती. क्रोमियम क्लोराइडवर त्यानं ग्रिन्यार अभिकारक टाकला. फेनिल गट क्रोमियमला जोडायचे, इतकाच हेतू. केशरी रंगाचे क्षार मिळाले. हाइननं हिशेब मांडला: एका क्रोमियमला कुठे पाच, कुठे चार, कुठे तीन फेनिल चिकटलेत. पुढे त्यानं द्रव अमोनियात वीज सोडून या क्षारांचं आणखी क्षपणही केलं. गंमत अशी की फेनिलची संख्या बदलली तरी रंग जवळपास तोच, चुंबकीय गुणही तोच. तीन हातांचा आणि पाच हातांचा अणू सारखाच कसा वागेल? शंका यायला हवी होती असं आज म्हणणं सोपं आहे. पण वलयाची सपाट बाजूच धातूला धरू शकते, ही कल्पनाच तेव्हा कुणाकडे नव्हती. नसलेल्या कल्पनेचा दोष हाइनला देणं मला पटत नाही.

१९५१ मध्ये फेरोसीन सापडलं आणि पुढच्या वर्षी त्याचा आकार कळला: वर एक वलय, खाली एक, मधोमध लोखंड. पाव-भाजी-पाव. म्युनिकच्या अर्न्स्ट ओटो फिशरनं मग साधी बेरीज केली. क्रोमियमचे सहा इलेक्ट्रॉन, दोन बेंझीनचे सहा-सहा, एकूण १८. बी.एस्सी.ला आपण पाठ करतो तोच आकडा. अट एकच: क्रोमियमवर कसलाही प्रभार उरता कामा नये, म्हणजे पूर्ण क्षपण हवं.

१९५५ मध्ये फिशर आणि त्याचा विद्यार्थी वाल्टर हाफनर यांनी ते दोन टप्प्यांत साधलं. क्रोमियम क्लोराइड, ॲल्युमिनियमची भुकटी, ॲल्युमिनियम क्लोराइड आणि बेंझीन बंद नळीत तापवलं. ॲल्युमिनियमनं प्रत्येक क्रोमियमला दोन इलेक्ट्रॉन दिले आणि पिवळा धनभारित आयन तयार झाला. उरलेला एक इलेक्ट्रॉन सोडियम डायथायोनाइटनं दिला. ही काही दुर्मिळ वस्तू नाही. सुती कापड निळीत रंगवणारे हिलाच ‘हायड्रोस’ म्हणतात. निळीला पाण्यात विरघळवण्यासाठी तिचं क्षपण याच पांढऱ्या भुकटीनं होतं. रंगाऱ्याच्या पिंपातली ही भुकटी वापरून म्युनिकमध्ये डायबेंझीन क्रोमियमचे काळपट तपकिरी स्फटिक निघाले.

दरम्यान अमेरिकेत येल विद्यापीठात हॅरोल्ड झाइस आणि मिनोरू त्सुत्सुई हाइनची जुनी कृती पुन्हा करून बघत होते. त्यांचं काम १९५७ मध्ये छापून आलं. ग्रिन्यार अभिकारक फेनिल देता देता क्रोमियमला इलेक्ट्रॉनही देत होता. सुटलेले फेनिल जोडीनं एकत्र येऊन बायफेनिल बनत होते आणि क्रोमियमला दोन्हीकडून कवेत घेत होते. हाइनचे ‘चार फेनिल’ म्हणजे दोन बायफेनिलचं सँडविच. आणि ‘पाचवा’? तो फेनिल नव्हताच, सोबत आलेलं फिनॉल होतं. मोजणी जवळपास बरोबर, मांडणी साफ चुकलेली.

१९७३ चं नोबेल फिशर आणि इंग्लंडच्या जेफ्री विल्किन्सनला विभागून मिळालं. हाइन तेव्हा हयात होता. तो १९७६ मध्ये वारला.