भात आणि विणकाम शिकवणारी आई

आज आपण व्हिएतनाम देशातल्या न्हा ट्रांग या समुद्रकाठच्या शहराची माहिती ऐकणार आहोत. पर्यटक तिथं जातात ते बहुतेक वाळूच्या किनाऱ्यासाठी आणि बोटीतून बेटं फिरायला. आम्ही मात्र तुम्हाला तिथल्या आणि आसपासच्या तीन जागांविषयी सांगणार आहोत. या भागात राजे बदलले, राज्यं बुडाली. पण लोकांनी कुणाला सोडलं नाही, ते या तीन जागांवर कळतं.

पहिली जागा म्हणजे पो नगर देवीचं देऊळ. काय नावाची नदी समुद्राला मिळते, तिथं एका टेकडीवर लाल विटांची उंच देवळं आहेत. मुख्य देऊळ साधारण २३ मीटर उंच, म्हणजे सात मजली इमारतीएवढं. ही देवळं चाम लोकांनी बांधली. त्यांचे राजे शिवाला भजायचे, संस्कृतात शिलालेख कोरायचे आणि देवीला भगवती म्हणायचे. पो नगर या नावाचा अर्थ देशाची मालकीण. यातला 'नगर' हा आपल्या ओळखीचाच शब्द आहे.

या देवीनं फार सोसलं. ७७४ साली जहाजांतून आलेल्या लुटारूंनी तिचं देऊळ जाळलं. राजा सत्यवर्मन यानं दहा वर्षांनी ते पुन्हा उभं केलं. ९१८ साली तिची सोन्याची मूर्ती बसवली, तर पुढं कंबोडियाच्या सैन्यानं ती पळवली. मग ९६५ साली दगडाची मूर्ती बसवण्यात आली. आज देवळात दिसते ती देवी दगडाचीच आहे, दहा हातांची.

आता तिची गोष्ट ऐका. चाम लोक सांगतात, ही देवी ढगांतून आणि समुद्राच्या फेसातून जन्मली. तिनं जमीन घडवली, भात दिला, सुगंधी अगरूचं झाड दिलं. अगरबत्तीच्या नावात जो अगर आहे ना, तोच हा. आणि तिला ९७ नवरे होते, ३८ मुली होत्या! हसू नका बायांनो, गोष्ट तशीच आहे.

१६५३ साली हा मुलूख व्हिएतनामी सरदारांनी जिंकला. चाम लोक मागं हटले, नवे लोक वस्तीला आले. त्यांनी देऊळ पाडलं नाही. देवी ठेवली, पण तिची गोष्ट बदलली. नव्या गोष्टीत ती कलिंगडाच्या मळ्यात एका म्हाताऱ्या जोडप्याला सापडलेली पोर आहे. त्यांनी तिला लेकीसारखं वाढवलं. एक दिवस रागावून ती अगरूच्या ओंडक्यात शिरली आणि समुद्रातून वाहत उत्तरेला गेली. तिथं एका राजपुत्राशी तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. पुढं माहेरच्या ओढीनं ती परत आली, तर आईबाप वारलेले. मग तिनं गावच्या लोकांना नांगरायला, सूत कातायला, कापड विणायला शिकवलं.

बघा, ९७ नवऱ्यांची देवी एका नवऱ्याची संसारी बाई झाली. सत्ता बदलली की बाईची गोष्टही बदलते, ती अशी. पण दोन्ही गोष्टींत ती माणसांना जगायची विद्या देते, तेवढं कुणाला पुसता आलं नाही. दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास देवीला फुलांच्या सुगंधी पाण्यानं न्हाऊ घालतात आणि नवी वस्त्रं नेसवतात. या उत्सवाला व्हिएतनामी येतात आणि चाम लोकही येतात. ज्यांची देवी गेली आणि ज्यांनी ती घेतली, ते दोघंही तिला आईच म्हणतात.

दुसरी जागा न्हा ट्रांगच्या दक्षिणेला, साधारण १०० किलोमीटरवर आहे. चाम लोकांचं शेवटचं राज्य तिथं होतं. त्याचं नाव होतं पांडुरंग! आपल्या पंढरपूरशी त्याचं नातं नाही, शब्द तेवढा एक. १८३२ साली व्हिएतनामच्या बादशहानं तेही राज्य संपवलं. आज तिथल्या शहराला फान रांग म्हणतात. नीट ऐका, त्यात पांडुरंग ऐकू येतो.

त्याच्याजवळ बाऊ ट्रुक नावाचं चाम कुंभारांचं गाव आहे. तिथं मडकी बायका घडवतात आणि त्याही चाकाशिवाय. मातीचा गोळा जागेवर ठेवायचा आणि आपणच त्याच्याभोवती फिरत फिरत त्याला आकार द्यायचा. मग लाकूड आणि पेंढा रचून उघड्यावर भाजायचं. ही विद्या आईकडून लेकीकडे जाते. या लोकांत घर आणि मालमत्ताही लेकीकडे जाते, नवरा मुलगा बायकोच्या घरी नांदायला येतो. २०२२ साली युनेस्कोनं ही कला तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत घातली. राज्य गेलं, पण ही विद्या बायकांच्या हातात राहिली. आता तीही टिकवायची धडपड चालू आहे.

तिसरी जागा पुन्हा न्हा ट्रांग शहरातच, समुद्रासमोर आहे. अलेक्सांद्र येर्सिन या डॉक्टरांचं संग्रहालय. ते जन्मानं स्वित्झर्लंडचे. १८९४ साली हाँगकाँगला त्यांनी प्लेगचा जंतू शोधला. पुढच्या वर्षी न्हा ट्रांगला येऊन प्रयोगशाळा काढली आणि प्लेगवर सीरम तयार करू लागले. मार्च १८९७ मध्ये हे सीरम घेऊन ते मुंबईला आले. त्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता आपल्या सावित्रीबाई फुले गेल्या. येर्सिन यांच्या सीरमचा मुंबईत फारसा गुण आला नाही. पण त्यांच्या जागी आलेल्या पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवून दिलं, की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो.

येर्सिन न्हा ट्रांगच्या कोळीवाड्यात राहिले. वादळ येणार असलं की कोळ्यांना आधी सांगायचे, आपल्या घरात आसरा द्यायचे. १९४३ साली ते वारले. पुढे फ्रेंचांची सत्ता गेली, तरी लोकांनी त्यांची समाधी जपली.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. गावातल्या सगळ्यात वयस्क आजींना बोलवा आणि गावच्या देवीची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐका. देवळाच्या पाटीवर लिहिलेली गोष्ट आणि आजींची गोष्ट यांत फरक निघाला, तर दोन्ही वहीत लिहून ठेवा. आणि आम्हाला कळवा.