पंगत, पुकारा आणि चिठ्ठी

अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ ज्या मोरगांवापासून करावयाचा, तें कऱ्हेकांठचें बारामती तालुक्यांतील गांव एरवीं शांत असतें; परंतु भाद्रपद व माघ महिन्यांतील चतुर्थीस, आणि दर संकष्टीसही, मयूरेश्वराच्या दर्शनास येणाऱ्यांची तेथें दाटी होते. देवळांतील रांगेची चर्चा सर्वजण करतात. देवळाबाहेरील उपाहारगृहांच्या भटारखान्यांत काय चालतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. एका मेजावर चौघे बसतात. दोघांस साबुदाण्याची खिचडी हवी, एकास मिसळ, चौथ्यास नुसता चहा. मागणी चुकली तर अन्यत्र फार तर गिऱ्हाईक रागावेल. येथें एखाद्याचा उपवास मोडेल. अशा घाईंत कोणाचें काय हें आचाऱ्याच्या ध्यानांत कसें राहतें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याच्यामागें आमच्या समाजाचा मोठा इतिहास आहे.

आमच्या जुन्या पंगतींत हा प्रश्न उद्भवतच नसे. 1783 सालीं सवाई माधवरावांच्या लग्नांत नाना फडणिसांनीं बारीकसारीक गोष्टींची व्यवस्था लावली होती, हें प्रसिद्धच आहे. पण कोणत्याही मोठ्या भोजनाच्या आचाऱ्यानें विचारावयाचें तें मुख्यतः एवढेंच, कीं पानें किती? पदार्थ ठरलेले, वाढण्याचा क्रम ठरलेला, पानावर मिठाची जागासुद्धां ठरलेली. लक्षांत ठेवावयाचें तें हें, कीं कोणी कोणाच्या शेजारीं बसावयाचें आणि कोणी मुळींच बसावयाचें नाहीं. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून केवढें वादळ उठलें आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे हेही त्यांतून कसे सुटले नाहींत, हें वाचकांस ठाऊक आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इराणी व उडुपी मंडळींचीं उपाहारगृहें आमच्या शहरांत पसरलीं. मुंबईचें कयानी 1904 सालचें, पुण्याचें गुडलक 1935 सालचें. येथें प्रत्येकाची मागणी निराळी, आणि ती लिहून घेण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं नव्हती. पोऱ्या मेजापासूनच आंत पुकारा करी. भट्टीवरचा माणूस तेच शब्द पुन्हा उच्चारी. हा पुनरुच्चार म्हणजेच मागणीची पोंच. गिऱ्हाईक उठलें कीं तोच पोऱ्या गल्ल्याकडे ओरडे, "काळी टोपी, तीन आणे!" सारा हिशेब हवेंत असे. कसलेला आचारी एकेक मागणी सुटी न धरतां बेरीज धरतो: तीन मेजांच्या मिळून पांच खिचड्या. शिवाय रिकाम्या बशा तो ओट्यावर मांडून ठेवतो; बशी भरून बाहेर गेली कीं ती मागणी संपली. ओटा हीच त्याची वही.

पश्चिमेकडेही हीच अडचण होती. 1890 पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा भटारखाना संभाळणाऱ्या एस्कॉफिये यांनीं कामाचे विभाग पाडून एकेकावर एकेक जबाबदारी सोंपविली. फ्रेंच पद्धतीच्या भटारखान्यांत मागणी मोठ्यानें वाचून दाखविणारा स्वतंत्र माणूसच असतो. बर्लिन येथें ब्लूमा झायगार्निक या विदुषीनें 1927 सालीं प्रयोगांवरून असें मांडलें, कीं अपुरें राहिलेलें काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षां अधिक आठवतें. पैसे चुकते होईपर्यंतच मागणी ध्यानांत ठेवणाऱ्या वाढप्यांवरून ही कल्पना सुचली असें सांगतात. पुढच्या प्रयोगांत हा नियम सर्वत्र टिकला नाहीं. तरी रिकामी बशी आचाऱ्यास स्वस्थ बसूं देत नाहीं, हें कोणत्याही भटारखान्यांत दिसेल.

पुढें पुकाऱ्याची जागा चिठ्ठीनें घेतली. ती खिळ्यास अडकवितात. मोठ्या शहरांत तर ती आतां पडद्यावर उमटते. या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचें नांव नसतें, मेजाचा आंकडा असतो. आणि आंकड्यास जात नसते. हें कोणा सुधारकानें योजलेलें नाहीं, गर्दीच्या सोयीनें घडलें आहे. अर्थात् एवढ्यानें भेद मिटला असें म्हणतां येणार नाहीं. अस्पृश्य मानलेल्यांसाठीं निराळ्या कपबशा कित्येक ठिकाणीं बाहेर ठेवलेल्या असत; म्हणजे मागणी आंत पोहोंचण्यापूर्वींच माणूस निवडला जाई. 1950 सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख करावा लागला, यावरूनच तो भेद किती खोल होता हें दिसून येतें.

मोरगांवच्या भटारखान्यांत संकष्टीच्या दिवशीं आचाऱ्यास एकच भेद कसोशीनें पाळावा लागतो: उपवासाचें कोणतें आणि बिनउपवासाचें कोणतें. हा भेद खाणाऱ्यानें स्वतःच्या तोंडानें सांगितलेला असतो. पंगतींत पान कोठें मांडावयाचें हें दुसरे ठरवीत; येथें पानांत काय यावें हें ज्याचें तोच ठरवितो. त्याचा तो शब्द शेंकडों शब्दांच्या गलबल्यांतून बिनचूक राखणें, हें त्या भट्टीसमोरच्या माणसाचें काम. तें नीट झालें तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.