कलम ६६-अ : टेलिफोनपासून पालघरपर्यंत

चौदा एप्रिलची गावाकडची मिरवणूक आम्ही परदेशात मोबाईलच्या पडद्यावर पाहतो, आणि त्याच पडद्यावर, बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली, जातिवाचक शिवीगाळही वाचतो. या अपमानाला आळा घालणारा कडक कायदा हवा, असे आमच्या घराघरांत बोलले जाते. ते गैर नाही. परंतु तसा एक कायदा भारतात होऊन गेला आहे. त्याचे पुढे काय झाले, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ २००८ च्या दुरुस्तीने आले. फिशिंग, ओळखचोरी, आक्षेपार्ह संदेश यांना आवर घालणे हा त्या दुरुस्तीचा एक हेतू होता. मुंबईवरील हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. संसदेने डिसेंबरात विधेयक जवळजवळ चर्चेविना संमत केले. कलमाची भाषा मात्र इंटरनेटच्या जन्माआधीची होती. ब्रिटनने १९३५ साली पोस्ट ऑफिस कायद्यात दुरुस्ती करून टेलिफोनवरून घोर आक्षेपार्ह संदेश देणे गुन्हा ठरवले होते. ६६-अ ची वंशावळ तेथवर जाते, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले. टेलिफोनवर माणूस एकाशी बोलतो. फेसबुकवरचे वाक्य हजारो अनोळखी वाचतात, आणि त्यांपैकी कोणालाही ते आक्षेपार्ह वाटू शकते. त्यात 'त्रास', 'गैरसोय' हेही शब्द होते. व्याख्या एकाचीही नव्हती. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटविना अटक.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर नापसंती व्यक्त केली, मैत्रिणीने ते 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. दुबळ्याच्या अपमानासाठी हवा असलेला कायदा बलवानांच्या दुखावलेल्या भावनांसाठी धावला.

त्याच वर्षी सप्टेंबरात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली होती. तक्रार संविधान आणि राष्ट्रचिन्हांच्या अवमानाची. लावलेल्या कलमांत देशद्रोहही होता आणि ६६-अ ही. ती चित्रे आम्हांला मुळीच पटली नव्हती, आणि अटकेची बातमी वाचून आमच्यापैकी काहींना बरे वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेसह अनेक याचिकांवर न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द केले. अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची कारणे अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिली आहेत. 'त्रास' आणि 'गैरसोय' त्यांत नाहीत. शिवाय निर्बंध 'वाजवी' असावा लागतो. हा शब्द त्या उपकलमात मुळात नव्हता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो आला, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. त्याच दुरुस्तीने निर्बंधांची कारणेही वाढवली, हे मात्र विसरता येत नाही.

मग जातिवाचक शिवीगाळीचे काय? त्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच, आणि पीडित कोण, गुन्हा कोणता, हे तो नेमके सांगतो. इंटरनेटवरील अपमानही 'सार्वजनिक दृष्टिपथात' येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले.

६६-अ मात्र मेल्यावरही मरेना. रद्द झाल्यानंतरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. जुलै २०२१ मध्ये ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा महान्यायवादींनी कारण सांगितले : छापील कायद्यात कलम जसेच्या तसे आहे, रद्द झाल्याची नोंद तेवढी तळटिपेत. आमच्या व्यवसायात निकामी कोड पुसून न टाकता वर शेरा लिहून ठेवला, की कोणीतरी कधीतरी तो चालवतोच. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने प्रलंबित प्रकरणांतून ६६-अ वगळण्याचा आदेश दिला, आणि यापुढे सरकारी असो वा खासगी, ज्या प्रकाशनात हे कलम छापले जाईल तेथे ते घटनाबाह्य ठरल्याचे वाचकाला स्पष्ट सांगावे, असेही बजावले.