न पेरलेले ढग

सोलापुराहून अक्कलकोटची वाट धरली म्हणजे थोड्याच अंतरावर कुंभारी हें गांव लागतें. येथील शेतकऱ्यास आषाढांत आकाशाकडे पाहण्याची जी संवय जडली आहे, तिचा अर्थ कोंकणांतल्या माणसास सहसा कळावयाचा नाहीं. पश्चिमेकडून ढग येतात, चांगले दाट येतात, आणि पुष्कळदां तसेच पूर्वेकडे निघून जातात. महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठीं पांच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस ओतणारे वारे घाट उतरून भीमा-सीनेच्या खोऱ्यांत पोंचले कीं त्यांच्या पदरीं साडेपांचशेंच्या आसपास काय तें उरतें. सोलापुराजवळचा एकरुखचा तलाव १८७१ मध्यें पुरा झाला, तरी पुढें पांचच वर्षांनीं आलेल्या १८७६-७८ च्या दुष्काळानें या जिल्ह्याची दैना केली. उजनीचें धरण तर त्यानंतर शंभर वर्षांनीं झालें. परंतु तलाव काय किंवा धरण काय, पडलेलें पाणी सांठवितें. न पडलेलें पाणी खालीं आणण्याचा उपाय त्यांपाशीं नाहीं. डोक्यावरून जाणाऱ्या ढगास आपलें ओझें येथेंच उतरविण्यास भाग पाडतां येईल काय, या प्रश्नाचा आपल्या प्रांतांतला इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रश्न अर्थात् जुनाच आहे. पाऊस इच्छिणाऱ्यानें करावयाची कारीरी नांवाची इष्टि वेदांत सांगितलेली आहे, आणि खेड्यापाड्यांतून धोंडी मागत फिरणारीं पोरें हीं तिचींच दूरचीं भावंडें म्हटलीं तरी चालेल. इष्टि करूनही पाऊस पडला नाहीं तर काय म्हणावें? या जातीच्या शंकेस आमच्या नैयायिकांनीं पुत्रेष्टीच्या प्रसंगानें उत्तर देऊन ठेवलें आहे : कर्मांत, कर्त्यांत किंवा साधनांत कांहीं उणें राहिलें असावें. उत्तर मोठें सोयीचें आहे. पाऊस पडला तर इष्टीनें पडला, न पडला तर उणीव राहिली. इष्टि खोटी ठरण्याची वेळ म्हणून कधीं येत नाहीं. विमानांत बसून मेघवृष्टि करूं पाहणाऱ्यांसही हीच पळवाट मोकळी होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१३ नोव्हेंबर १९४६ रोजीं अमेरिकेंत व्हिन्सेंट शेफर यांनीं विमानांतून एका ढगावर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा चुरा टाकला आणि ढगाखालीं हिमकण उतरतांना पाहिले. तेथील मेघ शून्य अंशाखालीं जाऊनही न गोठलेल्या पाण्याचे होते. त्यांत हिमाचें बीज पडतांच पाणी त्याभोंवतीं गोठूं लागलें. आपल्याकडे पांच वर्षांनीं, १९५१ मध्यें, टाटांच्या कंपनीनें सह्याद्रीवर सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला. परंतु दख्खनच्या मोसमी ढगांचा मोठा भाग शून्य अंशाच्या वरच असतो. तेथें हिमाचें बीज निरुपयोगी. तेथें मीठ पाहिजे.

मिठाचें काम काय, हें समजण्यास थोडा हिशोब पुरे. ढगांतला जलकण सुमारें वीस मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलीमीटराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. पावसाचा चांगला टपोरा थेंब दोन मिलीमीटरांचा. व्यास शंभर पट, तेव्हां घनफळ दहा लक्ष पट! दहा लक्ष कण एकमेकांवर आदळून मिळाले म्हणजे एक थेंब भुईवर येतो. हवेंत धूळ व धूर फार असला कीं तेंच पाणी असंख्य बारीक कणांत वांटलें जातें. सारे सारख्याच आकाराचे, सारख्याच मंद गतीनें तरंगणारे, मग आदळणार कोण कोणावर? त्यांत मिठाचे थोडे मोठे कण सोडले तर ते पाणी ओढून घेऊन लौकर वाढतात आणि खालीं येतां येतां इतरांस गोळा करतात.

युक्तिवाद सुबक आहे. पण सुबक युक्तिवाद कारीरीच्या बाजूनेंही करतां आला असता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें जें केलें त्याची थोरवी येथें आहे. पुण्याच्या पूर्वेस, बारामतीच्या बाजूला, ४८०० चौरस किलोमीटरांचा अवर्षणग्रस्त टापू तिनें निवडला आणि १९७३, १९७४, १९७६ व पुढें १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे तेथें उपकरणांनीं सज्ज विमान उडविलें. टापूंत दोन क्षेत्रें आंखलीं होतीं. कोणत्या दिवशीं कोणत्या क्षेत्रावर मीठ सोडावयाचें हें यदृच्छेनें ठरे. दुसरें क्षेत्र त्या दिवशीं तसेंच राही. वैज्ञानिकास ढग आवडला म्हणून पेरला, असें होऊं द्यावयाचें नाहीं, हा त्यांतला कटाक्ष. विमान ढगाच्या तळापासून दोन-तीनशें मीटर उंचीवर ढगांत शिरे आणि बारीक दळलेलें मीठ सोडी.

अकरा पावसाळ्यांचें फळ दुहेरी निघालें. एक किलोमीटराहून जाड आणि भरपूर पाण्याच्या ढगांवर मीठ टाकलें असतां पाऊस शेंकडा २४ नें वाढला. ही वाढ निव्वळ योगायोगानें दिसण्याचा संभव शेंकडा चार. परंतु पातळ ढगांवर तेंच मीठ टाकलें तर ते विरून जाण्याकडे कल दिसला. आमच्या मतें दुसरें फळ पहिल्याहून मोलाचें आहे. दुष्काळाच्या सालीं लोक ज्या विरळ ढगांकडे आशेनें बोट दाखवितात, त्यांवर हा उपचार केला तर आहे तो ढगही जाण्याचें भय!

ही गोष्ट हातीं असतांनाही राज्य शासनानें २००३ मध्यें, पुढें २०१५ मध्यें व २०१९ मध्यें विमानें उडविलीं तीं दुष्काळनिवारणासाठीं. हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण निवारणाच्या कामांत चांगला ढग मुद्दाम सोडून देणें कोणास परवडतें? आणि तसा सोडला नाहीं तर पडलेल्या पावसांत मिठाचा वांटा किती व मोसमी वाऱ्याचा किती, हें सांगणार कसें? पाऊस झाला कीं श्रेय घ्यावें, न झाला कीं ढग नव्हते म्हणावें. नैयायिकांचें उत्तर नव्या वेषांत पुन्हां हजर.

पुण्याच्या त्याच संस्थेनें २००९ पासून ‘कायपीक्स’ या नांवानें ढग, हवेंतील धूलिकण व पाऊस यांच्या संबंधाचा देशव्यापी शोध चालविला होता. त्याचा चौथा टप्पा २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुरास झाला. आदल्याच वर्षीं, मे-जून २०१७ मध्यें, जर्मन शास्त्रज्ञांनीं उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरून ‘पोलर ५’ व ‘पोलर ६’ अशीं दोन विमानें उडविलीं होतीं. एक वरून लेझरच्या झोतानें व किरणमापकांनीं ढग आणि खालचा हिममय समुद्र न्याहाळी, दुसरें ढगांत शिरून कण मोजी. ध्रुवाकडील मेघ बर्फ वितळण्यास हातभार लावतात कीं आळा घालतात, हें त्यांस पाहावयाचें होतें. सोलापुराकडेही विमानें दोन : एक ढगांचें मापन करणारें, दुसरें ढगाच्या तळाशीं कॅल्शियम क्लोराइडच्या नळ्या पेटवून त्यांचा धूर वर चढणाऱ्या हवेंत सोडणारें. भुईवर रडार व पर्जन्यमापकें होतींच. ध्रुवाकडे मात्र खालीं हिम व पाणी, येथें करपूं लागलेलीं शेतें. तेथें ढगास नुसतें पाहून जाण्यांत कोणाचें कांहीं जात नव्हतें. येथें २७६ ढग प्रयोगास घेतले, कांहीं पेरले, आणि कांहीं, पेरण्याजोगे असूनही, केवळ तुलनेसाठीं तसेच जाऊं दिले. अवर्षणाच्या मुलखांत हा निर्णय सोपा नव्हे. खालच्या शेतकऱ्यास तो कसा समजवावा? आम्हांस एवढेंच म्हणतां येतें कीं, न पेरलेल्या ढगांवांचून पेरलेल्या ढगांविषयीं एक अक्षरही खात्रीनें बोलतां आलें नसतें.

थारा प्रभाकरन व त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष २०२३ मध्यें अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेस शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी शेंकडा १८ अधिक पाऊस; कांहीं ठिकाणीं ४६ पर्यंत. मिळालेलें जादा पाणी ८६ कोटि ७० लक्ष लिटर, आणि खर्च लिटरामागें अठरा पैसे.

आंकडे मोठे दिसतात, म्हणून ते कुंभारीच्या मापानें मोजून पाहूं. शंभर चौरस किलोमीटर म्हणजे दहा किलोमीटर लांब व तितकाच रुंद चौकोन. कुंभारी व आसपासचीं कांहीं गांवें. तेवढ्या भूमीवर तें सारें पाणी पसरलें तर साडेआठ मिलीमीटरांहून थोडें अधिक भरतें : एक बरी सर. एकरभर शेतावर दहा मिलीमीटर पाऊस पडला तर सुमारें चाळीस हजार लिटर पाणी होतें, त्याची अठरा पैशांनीं किंमत सात हजार रुपयांवर जाते. पिण्याच्या पाण्यास हा दर कोणी महाग म्हणणार नाहीं. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या वस्तीस तर मुळींच नाहीं. ज्वारीस मात्र तो परवडण्यासारखा नाहीं. विमानें देशांत तयार झालीं तर खर्च निम्म्याहून खालीं येईल असें संस्थेचें म्हणणें आहे, येवो. पण ज्या सालीं मोसमी वारे मुळांतच दुबळे असतात त्या सालीं किलोमीटरभर जाडीचे ढग या बाजूस फारसे येतच नाहींत, आणि शेंकडा अठरा ही वाढ आहे ती अशाच ढगांवरची.