मॉडेल रॉकेटमधील पॅराशूटचे उष्णतेपासून संरक्षण

मॉडेल रॉकेट सुखरूप खाली उतरावे म्हणून त्याच्या नळीत घडी करून ठेवलेले पॅराशूट उड्डाणाच्या सर्वोच्च बिंदूजवळ दारूच्या लहानशा स्फोटाने बाहेर ढकलले जाते. या स्फोटातील तप्त वायू व ठिणग्या यांपासून पॅराशूट वाचविण्यासाठी ज्वालारोधक कागदाचे बोळे, उष्णतारोधक कापड, अडथळ्याच्या चकत्या इत्यादी उपाय योजतात. संरक्षण अपुरे असल्यास पॅराशूटच्या घड्या वितळून एकमेकींना चिकटतात, ते उघडत नाही आणि रॉकेट वेगाने जमिनीवर आदळते.

पार्श्वभूमी

दिवाळीतला बाण एकदाच उडतो. मॉडेल रॉकेट मात्र पुन्हा पुन्हा उडविण्यासाठी बनविलेले असते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास आपले बंधू रॉबर्ट यांच्यासह असे रॉकेट तयार केले. त्यांच्या रचनेचे मूळ तत्त्व आजही कायम आहे. कागदी आवरणाच्या मोटरमध्ये खालून वर असे तीन थर असतात : रॉकेटला वर नेणारे इंधन, काही सेकंद धुमसत राहणारा विलंब-थर आणि सर्वांत वर निष्कासक, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू. मोटरवर ‘ए८-३’ असे लिहिलेले असल्यास ‘ए’ हे अक्षर एकूण आवेगाचा वर्ग, ८ हा आकडा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि ३ हा आकडा विलंबाचे सेकंद दर्शवितो.

उष्णतेचे स्वरूप

सोरा, कोळसा व गंधक यांपासून बनलेली काळी दारू जळताना तापमान सुमारे २,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. हा आकडा धडकी भरविणारा असला, तरी लहान मोटरमध्ये ही दारू जेमतेम ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी असते आणि सारा प्रकार सेकंदाच्या अल्पांशात आटोपतो. म्हणजे तापमान प्रचंड, पण एकूण उष्णता थोडी. त्यामुळेच कागदाच्या चार बोळ्यांसारखा साधा अडथळाही पुरेसा ठरतो. मात्र तो नसेल, तर हीच थोडी उष्णता घातक ठरते. स्वस्त पॅराशूट पातळ पॉलिथिनचे असते आणि पॉलिथिन सुमारे १०५ ते १३० अंशांना वितळते. नायलॉन २२० ते २६० अंशांपर्यंत टिकते. परंतु वायूबरोबर उडणारे दारूचे जळते कण त्यालाही भोके पाडतात. कडा कडक झालेली बारीक भोके दिसली, तर ती ठिणग्यांची खूण समजावी. घड्यांचा गठ्ठा झाला असेल, तर तप्त वायू थेट पोहोचला असे मानावे.

संरक्षणाच्या पद्धती

सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ज्वालारोधक रसायनाने संस्कारित केलेल्या पातळ कागदाचे सैल बोळे मोटर व पॅराशूट यांच्यामध्ये भरणे. थराची जाडी नळीच्या व्यासाच्या दीड ते दोनपट असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. बोळे नळीच्या कडांना टेकले पाहिजेत, अन्यथा वायू बाजूने निसटतो. पण ते ठासून भरणेही तितकेच चुकीचे आहे : घट्ट बुच बसल्यास दाब मागे वळतो आणि पॅराशूट आतच राहून मोटर शेपटाकडून बाहेर फेकली जाते. नवशिक्यांचा कल बहुधा अधिक ठासण्याकडे असतो.

बोळे दर उड्डाणाला नव्याने भरावे लागतात. मोठ्या रॉकेटमध्ये त्याऐवजी नोमेक्स या तंतूच्या चौकोनी कापडात पॅराशूट गुंडाळतात. नोमेक्स वितळत नाही, अतिउष्णतेत फक्त करपते. म्हणून एकच तुकडा अनेक उड्डाणांना पुरतो. काही रॉकेटांत नळीतच छिद्रांच्या दोन चकत्या अशा बसवितात की, वरची छिद्रे खालच्या छिद्रांसमोर येत नाहीत. वायू वळसा घेऊन जातो आणि जड जळते कण चकतीवर आदळून तेथेच थांबतात. टोकाचा शंकू व नळी यांना जोडणारी दोरीही याच झोतात सापडते. रबरी दोरी काही उड्डाणांनी ठिसूळ होते, म्हणून मोटरजवळचा भाग केव्हलारच्या धाग्याचा ठेवतात.

पॉलिथिनचे पॅराशूट उन्हात घडी करून ठेवल्यास स्फोटापूर्वीच त्याच्या घड्या चिकटू लागतात. घड्यांमध्ये शंखजिऱ्याची पूड भुरभुरणे आणि पॅराशूट उड्डाणाच्या ऐन वेळी नळीत भरणे, हे त्यावरचे साधे उपाय होत.

परभणी जिल्ह्यासारख्या कोरड्या प्रदेशातील विचार

बोळ्यांचा संबंध केवळ पॅराशूटशी नसतो. स्फोटानंतर ते हवेतून खाली पडतात व वाऱ्याबरोबर दूर जातात. परभणी हा कापूस, सोयाबीन व ज्वारी पिकविणारा जिल्हा आहे. तेथे उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि त्याच दिवसांत बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग, कडब्याच्या गंजी व वाळलेले गवत असते. अशा ठिकाणी एक धुमसता बोळा आग लावण्यास पुरेसा आहे. घरोघरी सहज मिळणारा कापूस संरक्षणासाठी सोयीचा वाटतो; तथापि असंस्कारित कापूस न वितळता आतल्या आत धुमसत राहतो आणि ज्वाला दिसत नसल्याने लक्षातही येत नाही. साध्या टिश्यू कागदाचेही तसेच आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय रॉकेट्री संघटनेच्या सुरक्षा संहितेत ज्वालारोधक वा अदाह्य बोळेच वापरण्याचे बंधन आहे. टाकणखार व बोरिक आम्ल यांनी संस्कारित केलेला सेल्युलोजचा भुसा, जो इमारतींत उष्णतारोधनासाठी वापरतात, तो मात्र बोळ्यांऐवजी चालतो. पावसाळा संपल्यावर, रान हिरवे असताना केलेले उड्डाण एप्रिल-मेमधील उड्डाणापेक्षा निश्चितच सुरक्षित असते.

भारतातील स्थिती

इन-स्पेस या संस्थेच्या पुढाकाराने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट स्पर्धा होऊ लागली असून २०२५ मध्ये तिची अंतिम फेरी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झाली. दारूची निर्मिती, साठवण व वाहतूक यांवर १८८४ चा विस्फोटक अधिनियम आणि २००८ चे विस्फोटक नियम यांचे नियंत्रण आहे. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. घरी दारू कुटून मोटर बनविणे अत्यंत धोकादायक असून या छंदातील गंभीर अपघातांचे ते एक प्रमुख कारण मानले जाते.